उबवणी यंत्रातून ब्रूडरकडे : बदकाच्या नवजात पिलांचे स्थलांतर

अंड्यातून पिलू बाहेर आले म्हणजे उबवणुकीचे काम यशस्वी झाले, असा समज सर्वत्र आढळतो. अठ्ठावीस दिवस यंत्राची राखण करणारा पालक कवच फोडून बाहेर आलेली पिले पाहून निश्चिंत होतो, आणि नेमक्या त्याच दिवशी त्याची दृष्टी थोडी सैल होते. वस्तुतः बदकाच्या पिलाच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक प्रवास याच वेळी सुरू होतो. अंतराने हा प्रवास चार-सहा हातांचाच असतो. परंतु उबवणी यंत्राच्या उष्ण व दमट हवेतून ब्रूडरच्या म्हणजे कृत्रिम दाईच्या उबेत पिलू सुखरूप पोहोचले नाही, तर महिनाभराचे श्रम, अंड्यांची किंमत आणि विजेचा खर्च ही सर्व एका रात्रीत वाया जातात. म्हणून या स्थलांतराची शास्त्रीय बाजू आणि प्रत्यक्ष रीत ग्रामीण बंधू-भगिनींपुढे मांडणे उचित ठरेल.

देडतलाई हे बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तालुक्यातील गाव. पूर्वी खंडवा जिल्ह्यात असलेला हा प्रदेश १५ ऑगस्ट २००३ पासून स्वतंत्र बुऱ्हाणपूर जिल्ह्यात आला. गावाच्या पलीकडे महाराष्ट्राची सीमा, धारणी तालुका आणि मेळघाटचे डोंगर आहेत. सातपुड्याच्या या पट्ट्यातील कोरकू आणि इतर शेतकरी कुटुंबांना गावठी कोंबडी पिढ्यानपिढ्या परिचित आहे. बदकपालन मात्र येथे तुलनेने नवखे आहे. पश्चिम बंगाल, आसाम आणि केरळ या पाण्याच्या प्रदेशांत जे ज्ञान घराघरांत आईकडून मुलीकडे जाते, ते येथे जाणीवपूर्वक शिकावे लागते. कोंबडीच्या पिलांचा अनुभव उपयोगी पडतो हे खरे. परंतु बदकाचे पिलू म्हणजे पसरट चोचीचे कोंबडीचे पिलू नव्हे, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे.

अंड्यातील शेवटचे तीन दिवस

कोंबडीचे अंडे २१ दिवसांत, तर बदकाचे २८ दिवसांत उबते. मस्कोव्ही जातीच्या बदकाला मात्र सुमारे ३५ दिवस लागतात. २८ दिवस म्हणजे पुरते चार आठवडे. त्यामुळे ज्या वारी अंडी यंत्रात ठेवली त्याच वारी पिलांची अपेक्षा करावी, हा हिशेब निरक्षर व्यक्तीच्याही सहज ध्यानात राहतो. सोमवारी ठेवलेली अंडी चौथ्या सोमवारी फुटतील. त्याआधीच्या शुक्रवारी, म्हणजे २५ व्या दिवशी, अंडी फिरविणे थांबवून ती पिले बाहेर येण्याच्या कप्प्यात आडवी ठेवावयाची असतात. यंत्रातील उष्णता सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ अंश फॅरनहाइट, राखली जाते. शेवटच्या तीन दिवसांत हवेतील ओलावा मात्र वाढवून ७० ते ७५ टक्क्यांच्या आसपास न्यावा लागतो.

हा ओलावा कशासाठी, हे समजून घेणे आवश्यक आहे. अंड्याच्या बोथट टोकाशी हवेची एक पोकळी असते. पिलू प्रथम आतील पातळ पडदा भेदून या पोकळीतील हवेत श्वास घेऊ लागते. त्यानंतर चोचीच्या टोकावरील लहानशा टणक उंचवट्याने, म्हणजे अंडदंताने, कवचाला पहिली चीर पाडते. चीर दिसल्यापासून पिलू पूर्ण बाहेर येण्यास एक दिवस, क्वचित त्याहूनही अधिक काळ लागतो. या अवधीत ते निश्चल भासले तरी आत महत्त्वाचे कार्य चालू असते. पडद्यातील रक्तवाहिन्यांतील रक्त शरीरात परत येत असते आणि उरलेला बलक बेंबीच्या वाटेने पोटात ओढून घेतला जात असतो. हवा कोरडी झाली तर पडदा वाळून चामड्यासारखा चिवट होतो आणि पिलू आतच चिकटून बसते.

पालकांच्या दोन चुका येथेच घडतात. उत्सुकतेपोटी यंत्राचे झाकण वारंवार उघडणे ही पहिली. प्रत्येक वेळी साचलेला ओलावा निघून जातो आणि इतर अंड्यांतील पिलांचे पडदे वाळतात. दुसरी चूक दयाबुद्धीने होते : पिलू अडकले असे वाटून कवच नखांनी सोलले जाते. अशा वेळी पडद्यातील रक्तवाहिन्या फुटून पिलू रक्तस्रावाने दगावू शकते. संयम हीच या टप्प्यावरील खरी सेवा होय.

नवजात पिलाला भूक का नसते?

पोटात घेतलेला बलक हा निसर्गाने दिलेला शिधा असतो. त्याच्या बळावर पिलू दोन दिवस अन्नाविना काढू शकते. एक दिवसाची पिले दूरवरच्या गावी खोक्यांतून पाठविणे यामुळेच शक्य होते. बंगळूरजवळील हेसरघट्टा येथील केंद्रीय कुक्कुट विकास संस्थेत बदकांच्या सुधारित जातींचे प्रजनन होते. तेथील वा अन्य केंद्रांतील पिले लांबच्या प्रवासात तग धरतात, ती या शिध्यावरच.

परंतु शिधा आहे म्हणून पिलाला यंत्रातच ठेवणे योग्य नाही. ३७.५ अंशांच्या उष्णतेत आणि पंख्याच्या वाऱ्यात पिलाच्या शरीरातील पाणी कमी होत जाते. पाय सुकल्यासारखे दिसू लागतात आणि पिलू मलूल होते. उलट ओले पिलू घाईने बाहेर काढले, तर अंगावरील पाण्याची वाफ होताना शरीराची ऊब वेगाने हरपते. हिवाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याशी रात्रीचा गारठा बोचरा असतो. अशा हवेत ओल्या पिलाला काही मिनिटांतच हुडहुडी भरते. म्हणून दोन टोकांमधील योग्य क्षण साधावा. लव पूर्ण वाळून फुललेली, डोळे टवटवीत, बेंबी मिटलेली आणि पिलू स्वतःच्या पायांवर उभे, अशी लक्षणे दिसली की स्थलांतराची वेळ झाली असे समजावे. सामान्यतः बाहेर आल्यापासून १२ ते २४ तासांत ही अवस्था येते.

सर्वच पिले एकाच वेळी जन्मत नाहीत. काही सत्ताविसाव्या दिवशी, तर काही एकोणतिसाव्या दिवशी बाहेर पडतात. अशा वेळी प्रत्येक पिलासाठी यंत्र उघडू नये. सकाळी एकदा व सायंकाळी एकदा, अशा ठरावीक वेळी वाळलेली पिले एकदम काढून घ्यावीत, झाकण त्वरित लावावे आणि पात्रात कोमट पाणी भरून गेलेला ओलावा भरून काढावा.

ब्रूडर आधी, पिले नंतर

पिले जन्मल्यावर ब्रूडरची जुळवाजुळव सुरू करणे म्हणजे वऱ्हाड दारात आल्यावर मांडव घालणे होय. ब्रूडर किमान एक दिवस आधी, म्हणजे २७ व्या दिवशी, पेटवून पाहावा. दिव्याची ऊब केवळ हवेला नव्हे, तर गादीला व जमिनीलाही लागली पाहिजे. वरून गरम आणि खालून थंड अशी जागा नवजात पिलांच्या पोटाला बाधते.

५० पिलांचा हिशेब उदाहरणादाखल घेता येईल. छत्रीखाली प्रत्येक पिलाला सुमारे १०० चौरस सेंटीमीटर जागा हवी. म्हणजे ५,००० चौरस सेंटीमीटर. ८० सेंटीमीटर व्यासाची पत्र्याची गोल छत्री यास पुरते. दर पिलामागे दोन वॅट या प्रचलित प्रमाणाने १०० वॅटची उष्णता लागेल. मात्र १०० वॅटचा एकच दिवा लावण्यापेक्षा ६० वॅटचे दोन दिवे लावणे शहाणपणाचे. एक मध्यरात्री गेला तरी दुसरा तग धरतो. येथे एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. हल्ली घरोघरी आलेले एलईडी दिवे उजेड भरपूर देतात. परंतु ऊब जवळजवळ देत नाहीत. खोली उजळलेली पाहून पालक निर्धास्त झोपतो आणि पिले उजेडात गारठतात. ब्रूडरसाठी तारेचा जुन्या पद्धतीचा दिवा अथवा उष्णता देणारा खास दिवाच वापरावा.

छत्रीभोवती पत्रा, पुठ्ठा किंवा बांबूच्या तट्ट्याचे सुमारे हातभर उंचीचे गोल कडे उभे करावे. कडे गोलच असावे, कारण कोपऱ्यात पिले एकमेकांवर चढून गुदमरतात. गादीसाठी भाताचे तूस, लाकडाचा भुसा किंवा बारीक कापलेले कोरडे काड चालते. ती दोन-तीन बोटे जाड असावी. नुसते वर्तमानपत्र अंथरणे टाळावे. गुळगुळीत कागदावर पिलांचे पाय फाकतात आणि कायमचे अधू होतात.

पहिल्या आठवड्यात छत्रीच्या कडेशी, पिलाच्या पाठीच्या उंचीवर, २९ ते ३२ अंश सेल्सिअस उष्णता ठेवावी. त्यानंतर दर आठवड्याला सुमारे ३ अंशांनी ती कमी करीत चौथ्या आठवड्यात २४ अंशांपर्यंत आणावी. तापमापक हा खर्च नसून विमा आहे. तथापि पिले स्वतःही बोलका तापमापक असतात. दिव्याखाली दाटीवाटीने गोळा होऊन चिवचिवाट केल्यास ऊब कमी. दिव्यापासून दूर जाऊन चोची उघड्या टाकून धापा टाकल्यास ऊब अधिक. एकाच बाजूला जमल्यास दुसऱ्या बाजूने वारा लागतो. आणि सर्वत्र सारखी विखरून निवांत पहुडली असतील, तर सर्व ठीक आहे असे समजावे. निमाडच्या वैशाखातील दुपारी दिवा पूर्ण मालवावा लागेल, आणि पौषातील रात्री छत्री खाली आणून कड्यावर गोणपाट टाकावे लागेल. पुस्तकातील आकडा हा दिशादर्शक आहे. अंतिम निर्णय पिलांकडे पाहूनच घ्यावा.

प्रत्यक्ष स्थलांतर

टोपलीच्या तळाशी मऊ सुती कापड अंथरून ती काही वेळ ब्रूडरपाशी ठेवून उबदार करून घ्यावी. हिवाळ्यात दुपारची आणि उन्हाळ्यात पहाटेची वेळ साधावी. वाऱ्याच्या बाजूची दारे-खिडक्या तेवढ्यापुरती लावून घ्यावीत. पिलू मान, पाय किंवा पंखाला धरून उचलू नये. दोन्ही ओंजळींत अलगद घ्यावे. टोपलीत गर्दी करू नये आणि वरून विरळ कापड झाकावे, म्हणजे ऊब टिकते व हवाही खेळती राहते. पिले मोजून काढावीत व मोजून ठेवावीत. बेंबी ओली असलेली किंवा दुबळी पिले वेगळ्या छोट्या कड्यात ठेवून त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे.

ब्रूडरमध्ये सोडताना पहिला मान पाण्याचा. प्रत्येक पिलाची चोच कोमट पाण्यात एकदा हळूच बुडवावी. एकाने पाणी ओळखले की इतरही अनुकरण करतात. पाणी प्याल्यानंतरच, दोन-तीन तासांनी, खाद्य ठेवावे.

पाणी : बदकाची गरज आणि बदकाचा धोका

बदक हा पाण्याचा पक्षी, मग पिलाला पाण्यात सोडण्यास हरकत कोणती, असा प्रश्न गावोगाव विचारला जातो. उत्तर असे की, शेपटीच्या मुळाशी असलेली तेलग्रंथी नवजात पिलात पुरेशी कार्यक्षम नसते. त्याची मऊ लव पाण्यात भिजते आणि शरीराची ऊब निघून जाते. आईबरोबर पोहणारे पिलू पाण्याबाहेर येताच तिच्या पंखाखाली शिरून वाळते. यंत्रात जन्मलेल्या पिलाला ते पंख लाभत नाहीत. म्हणून पहिले तीन-चार आठवडे पिलांना टाके, नाला किंवा डबक्यापासून दूर ठेवावे.

याउलट पाणी फारच उथळ असणेही घातक ठरते. बदकाचे पिलू खाद्य खाताना पुन्हा पुन्हा पाण्याकडे धावते आणि चोचीवर चिकटलेले खाद्य व नाकपुड्या धुऊन काढते. भांड्यातील पाणी ५ ते ७.५ सेंटीमीटर खोल असावे. चोच नाकपुड्यांपर्यंत बुडावी, पण पिलू आत उतरू नये. पसरट भांड्यात मध्यभागी मोठे गोटे ठेवल्यास हा हेतू सहज साधतो. भांड्याखाली जाळी ठेवून सांडलेले पाणी बाहेर वाहून जाऊ द्यावे. बदके गादी लवकर ओली करतात, आणि ओली गादी म्हणजे बुरशी, दुर्गंधी व रोग यांना आमंत्रण होय. भिजलेला थर रोज काढून कोरडा थर घालावा. याच कारणास्तव कोंबडीची व बदकाची पिले एका ब्रूडरमध्ये ठेवू नयेत.

खाद्यातील अदृश्य विष

१९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मृत्युमुखी पडले. त्यांच्याबरोबर बदकाची पिलेही दगावली. शोधाअंती कारण आढळले ते बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीत. त्या बुरशीच्या विषाला पुढे अफलाटॉक्सिन हे नाव मिळाले. या विषाला बदकाचे पिलू इतके संवेदनशील असते की, एखाद्या खाद्यात ते आहे किंवा नाही हे तपासण्यासाठी प्रयोगशाळांत एक दिवसाच्या बदकपिलांचाच उपयोग केला जाई. पावसाळ्यात ओल लागलेला मका किंवा कोंदट खोलीत ठेवलेली पेंड ज्या घरात आहे, तेथे या घटनेचा बोध ताजाच आहे. गाईगुरांना चालते म्हणून पिलांना घातलेले बुरशीचे खाद्य संपूर्ण कळप नाहीसा करू शकते. वास, गुठळ्या किंवा हिरवट-काळे डाग असलेले कोणतेही खाद्य बदकाच्या पिलांना देऊ नये. ओलसर करून दिलेले खाद्यही तेवढ्या वेळेपुरतेच भिजवावे आणि उरलेले फेकून द्यावे.

पहिल्या आठवड्यांत खाद्यात २० ते २२ टक्के प्रथिने असावीत. बदकाच्या पिलाला नायसिन या जीवनसत्त्वाची गरज कोंबडीच्या पिलापेक्षा बरीच अधिक असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ मध्ये ती दर किलो खाद्यामागे ५५ मिलिग्रॅम अशी नमूद केली आहे. हे जीवनसत्त्व कमी पडल्यास पाय वाकतात आणि पिलू चालू शकत नाही. केवळ कोंबडीच्या खाद्यावर वाढविलेल्या पिलांत हा दोष दिसला, तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने यीस्ट किंवा जीवनसत्त्वांचे मिश्रण द्यावे. कोंबड्यांसाठी औषध मिसळलेले खाद्यही विचारल्याशिवाय वापरू नये.

वीज गेली तर

खेड्यात वीजपुरवठा खंडित होण्याचा प्रसंग गृहीत धरूनच आखणी करावी. यंत्रात पिले बाहेर येत असताना वीज गेल्यास झाकण उघडू नये. वरून घोंगडी टाकावी, पण हवेची भोके मोकळी ठेवावीत. मोठी झालेली पिले कवचात असतानाही थोडी उष्णता स्वतः निर्माण करतात आणि काही काळ तग धरतात. ब्रूडरमध्ये गरम पाण्याच्या बाटल्या किंवा तापविलेल्या विटा जाड कापडात गुंडाळून मध्यभागी ठेवाव्यात आणि कडे वरून अर्धवट झाकावे. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा शेण्यांचा विस्तव मात्र कदापि ठेवू नये. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वासरहित असतो आणि तो पिलांचाच नव्हे, तर राखणीला झोपलेल्या माणसाचाही प्राण घेतो.

ज्या घरी यंत्र नाही, तेथे खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवण्याची रीत आजही उत्तम आहे. अंडी आकाराने मोठी असल्याने कोंबडीला ती नीट फिरविता येत नाहीत. ती दिवसातून दोन-तीन वेळा हाताने फिरवावीत. पिले निघाल्यानंतर ती मानलेली आई ब्रूडरचे सर्व काम विनाखर्च करते.

शाळा, समाज आणि रोगप्रतिबंध

ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोनराड लॉरेन्झ यांनी दाखवून दिले की, हंस-बदकांच्या जातीची पिले जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत जो हलता जीव पाहतात, त्यालाच आई मानून त्याच्या मागे जातात. प्राण्यांच्या वर्तनावरील कार्यासाठी त्यांना १९७३ मध्ये दोन सहकारी शास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. शिक्षकबंधूंना या विषयात परिसर अभ्यासाचा जिवंत धडा सापडेल. अठ्ठावीस दिवसांचा तक्ता, तापमानाच्या नोंदी, मेणबत्तीच्या उजेडात अंड्याचे निरीक्षण ही कामे विद्यार्थी आनंदाने करतील. मात्र पिलांना हात लावल्यानंतर साबणाने हात धुण्याचा नियम कटाक्षाने पाळावा, कारण निरोगी दिसणाऱ्या पिलांच्या विष्ठेतूनही साल्मोनेलाचे जंतू पसरू शकतात.

बर्ड फ्ल्यूचे स्मरणही या भागाला ठेवलेच पाहिजे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला प्रादुर्भाव आढळला. त्यानंतर जळगाव आणि बुऱ्हाणपूर या जिल्ह्यांतही तो पोहोचला आणि असंख्य कुटुंबांचे खुराडे रिकामे झाले. बदके काही वेळा आजाराची लक्षणे न दाखवता या विषाणूचे वाहक होतात. म्हणून बदके व कोंबड्या वेगळ्या ठेवाव्यात, बाहेरून आणलेले पक्षी काही दिवस स्वतंत्र ठेवावेत आणि अचानक मरतूक झाल्यास ती न लपविता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावी. लसीकरणाचे वेळापत्रकही तेथूनच घ्यावे.

ग्लॉस्टरशायर परगण्यातील अॅडेल कॅम्पबेल या इंग्रज गृहिणीने केलेल्या संकरातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाकी कॅम्पबेल ही जात निर्माण झाली. उत्तम व्यवस्थेत या जातीची मादी वर्षाला ३०० पर्यंत अंडी देऊ शकते. घराच्या परसातून असे कार्य उभे राहू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय. मात्र त्या तीनशे अंड्यांचा पाया पहिल्या चोवीस तासांतच घातला जातो. तयार ब्रूडर, कोमट पाणी, कोरडी गादी, निर्दोष खाद्य आणि जागता डोळा या पाच गोष्टी ज्या घरी आहेत, त्या घरी यंत्रातून निघालेले पिलू सुखाने वाढेल. देडतलाईच्या परिसरातील महिला बचत गट, शाळा आणि ग्रामपंचायती यांनी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या साहाय्याने थोड्या पिलांपासून आरंभ करावा, आणि अनुभव आल्यावरच संख्या वाढवावी. पहिल्या खेपेस पंचवीस पिले जगविणारे कुटुंब दुसऱ्या खेपेस शंभर पिले आत्मविश्वासाने सांभाळू शकेल.